मदत हवी आहे: संडरलँड प्रीमियर लीगमध्ये टिकणार की नाही, हे कशावरून ओळखायचं?

धागाकर्ता, ३ ऑगस्ट २०२५

मंडळी, मी मूळचा क्रिकेटवाला. फुटबॉल चार वर्षांतून एकदा, विश्वचषकापुरता. पण २४ मेला चॅनल चाळता चाळता वेम्बलीवरचा, प्रीमियर लीगमध्ये वर जायची शेवटची जागा ठरवणारा प्लेऑफचा अंतिम सामना लागला आणि तिथेच चिकटलो. शेफील्ड युनायटेड १-० ने पुढे. ७६ व्या मिनिटाला संडरलँडच्या मायेंडाने बरोबरी केली. मग भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला टॉमी वॉटसन नावाच्या १९ वर्षांच्या पोराने गोल मारला आणि संडरलँड आठ वर्षांनी वरच्या लीगमध्ये. पोराचं ब्रायटन क्लबला जायचं आधीच ठरलेलं होतं हे मला नंतर कळलं. जाता जाता क्लबला वर ढकलून गेला म्हणायचा.

तर आता मी संडरलँडवाला झालोय. इलाज नाही.

अडचण अशी की एक मित्र (आर्सेनलवाला, जन्मजात शहाणा) रोज टोचतोय: "नवीन वर आलेले तिन्ही संघ वर्षभरात खाली जातात, कशाला जीव लावतोस?" त्याच्याशी पैज लागली आहे. हरलो तर मला आर्सेनलची जर्सी घालून फोटो काढावा लागेल.

मला "टिकेल" किंवा "जाईल" असं भविष्य नकोय. १६ तारखेला वेस्ट हॅमशी पहिला सामना आहे. पहिले दहा-बारा सामने बघताना लक्ष नेमकं कुठे ठेवायचं, एवढं सांगा. आणि टिकायला ४० गुण लागतात असं जे सगळे म्हणतात ते खरं का?

आकडेमोड

आधी मित्राचं बोलणं. गेली दोन वर्षं तो म्हणतो तसंच घडलंय. २०२३-२४ मध्ये ल्यूटन २६, बर्नली २४ आणि शेफील्ड युनायटेड १६ गुणांवर गेले. शेफील्डने ३८ सामन्यांत १०४ गोल खाल्ले. २०२४-२५ मध्ये लेस्टर २५, इप्सविच २२, साउदॅम्प्टन १२. साउदॅम्प्टनचं खाली जाणं तर सात सामने शिल्लक असतानाच नक्की झालं, इतक्या लवकर प्रीमियर लीगमध्ये कुणीच गेलं नव्हतं.

पण त्याआधी तिघं एकदम गेल्याचं उदाहरण शोधायला थेट १९९७-९८ पर्यंत मागे जावं लागतं. आणि २०२२-२३ मध्ये फुलहॅम, बोर्नमथ, नॉटिंगहॅम फॉरेस्ट तिघंही टिकले होते. मित्राला हे ऐकवा, चार दिवस गप्प बसेल.

४० गुणांचं म्हणाल तर तो आकडा आता तोंडी लावण्यापुरताच उरलाय. खाली जाणाऱ्या तिघांत सगळ्यात वरच्या, म्हणजे १८ व्या क्रमांकाच्या संघाला २०२३-२४ मध्ये २६ गुण होते आणि गेल्या वर्षी २५. म्हणजे २७-२८ गुणांतही भागलं असतं. उलटही झालंय. वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण मिळवून खाली गेला. आणि तुमचाच संडरलँड १९९६-९७ मध्ये बरोबर ४० गुणांवर गेला. वेस्ट ब्रॉम २००४-०५ मध्ये ३४ गुणांवर वाचला. मी ३६ धरून चालतो, म्हणजे सामन्याला जेमतेम एक गुण.

आता कडू गोळी. लीड्स आणि बर्नली १०० गुण घेऊन वर आले. संडरलँड ७६ गुणांवर चौथा होता, शेवटचे पाच लीग सामने सलग हरून प्लेऑफला गेला होता. कागदावर तिघांत हाच सगळ्यात कच्चा.

जुना प्रेक्षक

आकडेमोड यांचे आकडे बरोबर, पण खालच्या लीगमधल्या गुणांवरून वर काय होईल ते फारसं कळत नाही. प्रशिक्षक कोम्पनीचा बर्नली २०२२-२३ मध्ये १०१ गुण घेऊन आला होता. पुढच्या वर्षी काय झालं ते वर लिहिलंच आहे.

का झालं, ते महत्त्वाचं. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे त्या खालच्या लीगमध्ये, हे संघ चेंडू आपल्याकडे ठेवून जिंकतात. गोलकीपर सेंटरबॅकला (मधल्या बचावपटूला) देतो, सेंटरबॅक मधल्या फळीला, असं करत करत वर सरकतात. समोरचे दमून जातात. प्रीमियर लीगमध्ये तोच पास निघतो आणि दोन जण असे अंगावर धावून येतात की सेंटरबॅकला मान वर करायला सवड मिळत नाही. चेंडू आपल्याच गोलसमोरच्या बॉक्सच्या तोंडाशी जातो आणि तिथून गोल व्हायला तीन सेकंद लागतात. साउदॅम्प्टनचे गेल्या वर्षीचे गोल काढून बघा, अर्धे एकाच साच्यातले वाटतील. प्रशिक्षक म्हणायचे हीच आमची शैली. डिसेंबरात प्रशिक्षक गेले, एप्रिलमध्ये संघ गेला.

म्हणून मला संडरलँडचा प्रशिक्षक ल ब्रिस आवडतो. हट्टी नाही. प्लेऑफच्या उपांत्य फेरीत कव्हेंट्रीकडे चेंडू बराच वेळ होता, हे मागे बसून राहिले. शेवटी जादा वेळेच्या अगदी टोकाला, १२० मिनिटं उलटून गेल्यावर, कॉर्नरवर डॅन बॅलर्डने डोकं लावलं आणि विषय संपवला. दिसायला सुंदर नव्हतं. पण जो संघ चेंडूशिवाय तासभर शांत राहू शकतो त्याला वर जगता येतं.

तेव्हा तुम्ही एकच बघा. गोल मारल्यावर नाही, चेंडू गमावल्यावर काय होतं ते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो, तुम्ही चौकटीच्या कडेला बघा. किती जण मान खाली घालून मागे धावतायत आणि किती जण हात पसरून उभे आहेत? पहिल्या वीस मिनिटांत सगळेच धावतात. ७० व्या मिनिटानंतर मोजा.

धागाकर्ता

बाप रे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. आभार! एक शंका: मधल्या फळीत झाका आणलाय म्हणून सगळे उड्या मारतायत. पण तो तर सप्टेंबरात ३३ चा होईल. म्हातारा घोडा कशाला?

बाकावरचा

म्हातारा घोडाच पाहिजे! संडरलँडची गेल्या वर्षीची टीम म्हणजे कॉलेजची पोरं होती. त्यात जोब बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेला. मधल्या फळीत आता असा माणूस हवा की जो ०-१ झाल्यावर घाबरणार नाही. झाका २०२३-२४ मध्ये लेव्हरकुसेनसोबत एकही सामना न हरता जर्मनीतली बुंडेसलिगा जिंकलाय, त्याआधी आर्सेनलमध्ये सात वर्षं काढली. (तुमच्या मित्राला हे विचारा, तोंड कसं होतं बघा.) तो पळणार नाही. मधल्या फळीतले हबीब दियारा आणि नोआ सादिकी पळतील. तो हात दाखवून कुणाला कुठे उभं करतो ते बघत राहा.

पण नुसता पैसा ओतून भागत नाही. फुलहॅमने २०१८-१९ ला वर आल्या आल्या १० कोटी पौंडांवर खर्च केला आणि २६ गुणांवर परत गेला. फॉरेस्टने २०२२ मध्ये तिशीच्या घरात खेळाडू आणले, सगळ्यांनी हसून घेतलं, ते ३८ गुणांवर वाचले. फरक काय? फॉरेस्टने निदान घरच्या मैदानावर गुण काढले, असं माझं मत. इतरांचं वेगळं असेल.

शिवाय खर्चालाही लगाम आहे. २०२५-२६ च्या नियमानुसार वरच्या लीगमधल्या क्लबला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालतो. पण खालच्या लीगमधल्या वर्षाला ३.५ कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात. म्हणजे पहिल्या वर्षी नवख्याला मर्यादा ६.१ कोटींची. तरी एवढी खरेदी कशी, तर ३ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला की हिशेबात वर्षाला ६० लाखच पडतात. घर हप्त्यावर घेतल्यासारखं. खाली गेलं की हप्ते मात्र राहतात.

अजून एक, ज्यावर कुणी बोलत नाहीये: आफ्रिका चषक २१ डिसेंबर ते १८ जानेवारी. दियारा सेनेगलचा, सादिकी डीआर काँगोचा, बचावपटू रेनिल्डो मोझांबिकचा. नाताळच्या धबडग्यात निम्मी मधली फळी मोरोक्कोत असेल. म्हणून जे काही गुण कमवायचे ते डिसेंबरच्या आत.

आकडेमोड

शेवटच्या वाक्याला +१. हल सिटी २००८-०९ आठवा. पहिल्या ९ सामन्यांत २० गुण, लोक युरोपच्या गप्पा मारायला लागले. पुढच्या २९ सामन्यांत १५ गुण! तरी ३५ वर १७ वे राहून वाचले. आधीची शिल्लक कामाला आली.

जुना प्रेक्षक

आणि लेस्टर २०१४-१५? नाताळात तळाला होते, शेवटच्या ९ पैकी ७ जिंकून १४ वे आले. शिल्लक काही नव्हती.

आकडेमोड

असा लेस्टर दरवर्षी होत नाही हो. त्यावर पैज लावू नका.

धागाकर्ता, १७ ऑगस्ट

३-०!!! मायेंडा, बॅलर्ड, इसिडोर! पहिले दोन्ही गोल डोक्याने! मित्राचा फोन लागत नाहीये.

जुना प्रेक्षक, तुम्ही सांगितलं तसं ७० नंतर मोजत होतो, पण ७३ व्या मिनिटाला बॅलर्डने गोल केला आणि मोजणी विसरलो. क्षमस्व.

जुना प्रेक्षक

मोजणी राहिली तरी चालेल, पण हाफटाइमला ०-० होतं हे विसरू नका. आता पुढच्या शनिवारी बर्नलीत जायचंय. माझ्या मते वेस्ट हॅमपेक्षा तो मोठा पेपर, कारण तेही आपल्यासारखेच तळाचे गिऱ्हाईक. तिथे हरणं म्हणजे आपले तीन जातात आणि त्यांना तीन मिळतात.

धागाकर्ता, २४ ऑगस्ट

०-२. मित्राचा फोन लागायला लागला.

हाफटाइमनंतर दोनच मिनिटांत, ४७ ला पहिला, ८८ ला दुसरा. या वेळी मोजलं. पहिल्या गोलनंतर धावत होते, खोटं नाही सांगत. पण समोर बॉक्समध्ये चेंडू पोचला की कुणालाच काही सुचत नव्हतं. हे वाईट लक्षण आहे का? जर्सीचा साइज आत्ताच सांगून ठेवू का?

बाकावरचा

थांबा की जरा. इप्सविचला गेल्या वर्षी पहिल्या विजयासाठी अकराव्या सामन्यापर्यंत थांबावं लागलं होतं. तुमच्याकडे दोन सामन्यांत ३ गुण आहेत. शिवाय गोलरक्षक रुफ्सकडे बघा, पोरगा २२ चा आहे पण हात थरथरत नाहीत. ब्रेंटफर्डचा सामना होऊ द्या, मग साइज विचारा.

धागाकर्ता, ३१ ऑगस्ट

रुफ्सने पेनल्टी अडवली! तरी नंतर ब्रेंटफर्डने गोल केलाच, मग ल फेने पेनल्टीवर बरोबरी, आणि ९६ व्या मिनिटाला इसिडोर. २-१. तीन सामने, सहा गुण.

घरच्यांना वाटलं खाली काहीतरी कोसळलं. आता दोन आठवडे देशांच्या सामन्यांसाठी लीगला सुट्टी आणि मग क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर. तिथे कशाकडे बघू?

जुना प्रेक्षक

पॅलेसला मोकळं रान मिळालं की ते पळत सुटतात. आपले फुलबॅक (कडेचे बचावपटू) हाफलाइनच्या पुढे किती वेळा जातात ते कागदावर रेघा मारून मोजा. रेघा कमी पडल्या आणि ०-० झालं तर मला चालेल.