एमआरआयवर लिम्फोमाची (एक प्रकारचा कॅन्सर) शंका आली, तर डेक्सा (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) रोखायचं का?

फिल्मवाचक:
माझं मत स्पष्ट आहे. मेंदूच्या एमआरआयवर प्रायमरी (मेंदूतच सुरू झालेला) लिम्फोमा वाटला, तर आम्ही रेडिओलॉजिस्टनी रिपोर्टात 'बायोप्सीपर्यंत शक्यतो स्टेरॉइड टाळावे' असं लिहावं आणि रिपोर्ट टाईप व्हायच्या आधी फोन करावा. चित्र बरंच बोलकं असतं. साध्या सीटीवरच गाठ शेजारच्या मेंदूपेक्षा पांढुरकी दिसते, कारण पेशी एसटी स्टँडवरच्या गर्दीसारख्या खेटून बसलेल्या. त्याच दाटीमुळे पाण्याच्या रेणूंना हलायला वाव नसतो, म्हणून डिफ्युजनवर (पाण्याची हालचाल टिपणारी एमआरआयची प्रतिमा) चकाकी आणि एडीसीवर (तीच हालचाल मोजणारा नकाशा) काळं. टी-टू या एमआरआयच्या प्रतिमेवर बहुतेक गाठी पांढऱ्या असतात, ही करडी. कॉन्ट्रास्ट दिला की अख्खी गाठ एकसारखी उजळते. जागाही नेहमीच्याच: व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) कडेला, कॉर्पस कॅलोझम (मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल), बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवरचा भाग). एवढं ओळखायचं, आणि तोवर वॉर्डात डेक्सा सुरू झालेलं! लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, गाठ आटते, बायोप्सीच्या सुईला हवं ते सापडत नाही. मग ओळखून उपयोग काय?

कवटीफोड:
फोन करा, न्यूरोसर्जन म्हणून आनंदाने उचलेन. रिपोर्टात उपचाराचा हुकूम मात्र नको. सुजेने मेंदूची मधली रेषा (मिडलाइन) सरकलीय, पेशंट गुंगीत चाललाय, तेव्हा मी डेक्सा देणारच. उद्या काही झालं तर नातेवाईक तुमची तीच ओळ माझ्यासमोर धरतील. आणि स्टेरॉइडनंतरही कित्येक बायोप्सींत निदान मिळतं. कॅलोझम ओलांडून दोन्हीकडे पसरणारं फुलपाखरू म्हणाल, तर ते ग्लायोब्लास्टोमाही (मेंदूचा दुसरा एक आक्रमक कॅन्सर) काढतो.

फिल्मवाचक:
'शक्यतो' वाचलंत ना? पेशंट बुडत असताना डेक्सा रोखा असं कुणीच म्हणत नाही. फुलपाखराचं खरं, पण ग्लायोब्लास्टोमा सहसा मधे सडलेला असतो, कडेने ओबडधोबड कडं, एसडब्ल्यूआयवर (रक्तस्राव टिपणारी एमआरआयची प्रतिमा) रक्ताचे काळे डाग, परफ्युजनवर (गाठीचा रक्तपुरवठा मोजणारी तपासणी) रक्ताचं प्रमाण चांगलंच चढलेलं. लिम्फोमात ते तितकं चढत नाही. आणि फरक नुसता नावाचा नाही. तिथे तुम्ही जमेल तेवढी गाठ काढता, इथे सुईने तुकडा घेऊन पेशंट मेथोट्रेक्झेट या केमोच्या औषधाकडे जातो.

तालुक्याचा डॉक्टर:
परफ्युजन वगैरे तुमच्या शहरात. माझ्याकडे फिट आलेला माणूस येतो, हातात साधा एमआरआय आणि रिपोर्टात 'ट्यूबरक्युलोमा / मेटास्टॅसिस / लिम्फोमा', म्हणजे टीबीची गाठ, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर किंवा लिम्फोमा. तिन्ही लिहून तुम्ही सुटता. आपल्याकडे टीबी केवढा, तुम्हीच सांगा. ट्यूबरक्युलोमाही टी-टूवर काळसर दिसतो. मग एकेटी (टीबीची औषधं) आणि सोबत स्टेरॉइड, दुसरं काय करू?

फिल्मवाचक:
हा टोला बरोबर बसला. तिन्हींपैकी जास्त शक्यता कशाची, हे लिहायला आम्ही घाबरतो. पण एकेटी-स्टेरॉइडवर गाठ झपाट्याने लहान झाली, तर 'टीबीच होता' म्हणू नका. टीबीची गाठ जायला महिने लागतात. इतकी घाई लिम्फोमाची.

एआरटीवाली (एचआयव्हीची औषधं देणारी डॉक्टर):
तुम्ही सगळे प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांबद्दल बोलताय. एचआयव्हीत सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ५० च्या खाली असेल, तर लिम्फोमाही मधे सडतो, कडं दाखवतो, अनेक गाठी करतो. हुबेहूब टॉक्सो (टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा मेंदूतला संसर्ग). आम्ही साधारण दोन आठवडे टॉक्सोची औषधं देऊन बघतो, शक्य असेल तर पाठीच्या पाण्यात ईबीव्ही (या लिम्फोमाशी जोडलेला विषाणू) शोधतो. त्यात डेक्सा घुसलं की पेशंट कशाने सुधारला तेच कळत नाही. सूज धोक्याची असेल तर द्यावंच लागतं, पण नुसत्या सवयीने नको. म्हणून मी फिल्मवाचकांच्या बाजूने. आणि हो, डोळे तपासून घेत जा. काहींत लिम्फोमा डोळ्यातही असतो, मग मेंदूत सुई घालायची वेळही टळू शकते.

एका पेशंटचा मुलगा:
मी डॉक्टर नाही. आई आम्हाला ओळखेनाशी झाली होती. डेक्साच्या तिसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली, भाकरी मागितली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ दिसेना. आम्ही सत्यनारायण घातला. अडीच महिन्यांनी गाठ परत आली, दुसऱ्याच जागी, आणि निदान तेव्हा झालं. ही सुधारणा फसवी असू शकते, हे कुणी बोललं नव्हतं. राग आहे तो त्याचा. पण ते अडीच महिने नको होते, असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

कवटीफोड:
दादा, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. फिल्मवाचक, रिपोर्टातली ती ओळ मला अजूनही पटलेली नाही. फोन मात्र करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.