स्टारबोर्डमधला 'स्टार' कुठला?

प्रश्न (वास्को) : मुलगा जहाजावरच्या नोकरीचा कोर्स करतोय. त्याच्या वहीत वाचलं : स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, पोर्ट म्हणजे डावी. मुरगाव पोर्ट आमच्या रोजच्या तोंडातलं. पण बंदर डावीकडेच का? आणि 'स्टार' म्हणजे ध्रुवतारा का?

उत्तर (पणजी) : ताऱ्याचा काडीचा संबंध नाही. हा 'स्टिअर' आहे, गाडीच्या स्टिअरिंगमधला. बोर्ड म्हणजे इथे जहाजाची कड. 'ओव्हरबोर्ड' गेला म्हणजे कडेवरून पाण्यात पडला. उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे. मागच्या टोकाजवळ उजव्या कडेला एक रुंद वल्हं बांधलेलं असे, कारण माणसं बहुतेक उजव्या हाताची. नॉर्वेत ओसेबर्गला 1904 साली उकरून काढलेल्या नवव्या शतकातल्या जहाजाचं वल्हं उजवीकडेच आहे.

धक्क्याला लागताना ते वल्हं चेंगरू नये म्हणून डावी कड बंदराकडे घ्यायची, माल तिथूनच चढवायचा. त्या बाजूला आधी 'लारबोर्ड' म्हणत. वादळात ओरडून सांगताना लारबोर्ड काय नि स्टारबोर्ड काय, सारखंच ऐकू येणार! शेवटी ब्रिटिश नौदलाने 1844 साली लारबोर्ड मोडीत काढून 'पोर्ट' सक्तीचा केला. अमेरिकेच्या नौदलाने 1846 साली. खलाशी मात्र 'पोर्ट' त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते.

(मडगाव) : पोर्तुगीजमध्ये डाव्या बाजूला 'बोंबोर्दू' म्हणतात. 'बों दीय'मधला बों म्हणजे चांगला, म्हणून ती 'चांगली बाजू', असं आमच्याकडचे जाणते सांगत.

(पणजी) : ऐकायला झकास आहे, पण तीही ध्रुवताऱ्याचीच गत, बाब! बोंबोर्दू आला फ्रेंच 'बाबोर'वरून आणि तो डच 'बाकबोर्ट'वरून. 'बाक' म्हणजे पाठ. उजवीकडचं वल्हं धरून उभ्या माणसाची पाठ डाव्या कडेला, म्हणून ती पाठीची बाजू. इंग्रजीतही असाच शब्द होता, तो त्यांनी टाकला. पोर्तुगीजमध्ये उजवी बाजू 'इश्तिबोर्दू', म्हणजे शेवटी तोच 'बोर्दू' आणि तोच घोटाळा. ब्राझीलच्या खलाशांनी तर उजवीसाठी 'बोरेस्त' असा वेगळाच शब्द घेतला.

(वास्को) : मग मराठीत सरळ डावी-उजवी लिहिलं तर?

(पणजी) : बातमीत तेवढं पुरेल, बोटीवर नाही. मागे तोंड करून उभं राहिलात की तुमची डावी-उजवी फिरते, पोर्ट-स्टारबोर्ड फिरत नाहीत. 'नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) तोंड करून डावी' असं लिहावं, किंवा मूळ शब्दच ठेवावेत. मला दुसरं बरं वाटतं. मुलाला एवढं पाठ करायला सांगा : पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. रात्री मांडवीत चालत्या बार्जचा नुसता लाल दिवा दिसला, तर तिची डावी कड तुमच्याकडे आहे.