कापसाचा भाव मोबाईलवर आला. बाजार शेतकऱ्याच्या हाती आला का?

वणीकडचा कापूसकरी :

२०२५ च्या पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी बातमी आली की केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून तात्पुरते काढून टाकले आहे. पुढे ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे आमच्या वेचणीचा ऐन हंगाम तिच्यातच सापडला. पारावर बैलांच्या झुलींची चर्चा चालू असतानाच ती बातमी मोबाईलवर येऊन थडकली. माझ्या वडिलांच्या काळी दिल्लीचा असा निर्णय आम्हाला पडलेल्या भावातूनच कळत असे. आता निर्णय कळतो, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई किती सेंटांना गेली हेही कळते, आणि तरीही दिवाळीच्या तोंडावर आम्ही कापूस त्याच खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याच्या, काट्यावर घालतो. कारण पीककर्ज, किराणा आणि वेचणीची मजुरी थांबत नाही, आणि घरात भरून ठेवलेल्या कापसाने लेकरांच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच. माहिती मिळाली की विषमता आपोआप कमी होते, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. माहिती तंत्रज्ञानाने जागतिक बाजाराचा वेग वाढवला, पण त्या वेगाचा फायदा ज्याच्याकडे गोदाम, भांडवल आणि थांबण्याची ताकद आहे त्यालाच झाला. आम्ही मात्र बाजाराचे प्रेक्षक झालो आहोत. ज्यांना हे चूक वाटते त्यांनी अवश्य लिहावे.

दारव्ह्याचा, सध्या नागपूर :

भाऊ, मला हे चूक वाटते. आपल्या तक्रारीतला मोठा भाग इंटरनेटविषयी नाहीच. गोदाम नसणे, पत नसणे आणि आयातधोरण ठरताना शेतकऱ्याला कोणी न विचारणे, हे सारे मोबाईल येण्यापूर्वीही होते. तंत्रज्ञानाने काय बदलते हे पाहायचे असेल तर उत्तर केरळातील मच्छीमारांचे उदाहरण घ्या. तिथे १९९७ पासून किनाऱ्यावर मोबाईल सेवा पोहोचत गेली, आणि होड्या समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारू लागल्या. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की त्यामुळे बंदराबंदरांतील भावाची तफावत घटली, गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देणे जवळपास थांबले, मच्छीमारांचा नफा वाढला आणि खाणाऱ्यालाही मासळी थोडी स्वस्त मिळाली. दोन्ही बाजूंना लाभ देणारी अशी गोष्ट आपल्याकडे क्वचितच घडते. मी स्वतः खेड्यातल्या शाळेतून आलो आणि आज परदेशातील कंपनीसाठी नागपुरात बसून काम करतो, हेही या इंटरनेटच्या तारेमुळेच.

वणीकडचा कापूसकरी :

होडी मच्छीमाराची होती, आणि ती दुसऱ्या बंदराकडे वळवायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. माझा कापूस हिंगणघाटला न्यायचा तर गाडीभाडे माझे, तिथे ओलावा जास्त भरला तर कपात माझी, आणि ज्याच्याकडून जूनमध्ये बियाणे-खत उधार घेतले तो गावातच बसलेला. भाव कळून मी गाडी कुठे वळवू?

खामगावचे निवृत्त गुरुजी :

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र या वादाचे वय तुम्ही समजता त्यापेक्षा बरेच जास्त आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. युद्ध संपताच भाव कोसळला. १८७० मध्ये जलंबहून आमच्या खामगावापर्यंत आगगाडीचा फाटा आला, आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रतळाच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा जो भाव पूर्वी बोटीतून काही आठवड्यांनी यायचा, तो आता तारेने येऊ लागला. त्या काळचे माहिती तंत्रज्ञान तेच, आणि त्यावर उभे राहिलेले जागतिकीकरणही आपल्याच काळ्या मातीतले. परंतु ती तार स्टेशनात आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर उतरत असे. शेतकऱ्याला दलाल सांगेल तोच भाव. (आमच्या गावात कापसातून सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंगच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. मुलांना त्या दाखवल्या की ती विचारतात, इथे काय होते?)

म्हणून कापूसकऱ्यांशी माझा मतभेद असा की आजची तार शेतकऱ्याच्या खिशात उतरली, हा फरक क्षुल्लक मानू नये. दलालाचे पहिले हत्यार शेतकऱ्याचे अज्ञान होते आणि ते बोथट झाले आहे. दुसरे हत्यार म्हणजे उधारी, आणि ते मोबाईलने बोथट होणार नाही. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस व्यापाऱ्याला नव्हे तर सरकारी यंत्रणेलाच विकायचा, आणि ती कायद्याने आली. तिच्यात दोष पुष्कळ होते आणि चुकाऱ्यांसाठी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशांसाठी, लोकांनी हेलपाटेही घातले, पण बाजारातली ताकद बदलायची तर काय करावे लागते याचा अंदाज तिच्यावरून येतो.

धारणीची बचतगटवाली :

गुरुजी, ‘शेतकऱ्याच्या खिशात’ हे आपण अगदी बरोबर लिहिले. खिसा सदऱ्याला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातील ४८.७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्के होते. आमच्या गटातल्या बहुतेक बायांच्या बँक खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला आहे, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो कामाला परतवाड्याला गेलेला असला की बाईचे काम चार दिवस अडते. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले; मात्र डोंगराआडच्या पाड्यांवर आजही कोणत्या टेकाडावर, कोणत्या झाडाखाली रेंज येते हे माणसे एकमेकांना सांगतात. शिवाय आमच्या म्हाताऱ्या कोरकू बोलतात, आणि मोबाईलमधला आवाज त्यांच्या भाषेत बोलत नाही. तुम्ही तिघे न्यूयॉर्कचा भाव कळून उपयोग काय यावर भांडत आहात. आमच्याकडे रेशनच्या यंत्राला अंगठा ओळखायला रेंज मिळेल का, हा प्रश्न आहे.

दारव्ह्याचा, सध्या नागपूर :

ताई, आपला मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी माणसे त्या वर्षी इंटरनेटबाहेर होती, आणि त्यातली बहुसंख्य ग्रामीण होती. यावर उपाय अधिक इंटरनेट हाच आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम दुर्गम भागातील सेवेसाठी घेतली जाते, आणि ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला, जिला आज भारतनेट म्हणतात, २०११ मध्येच मंजुरी मिळाली होती. आपल्या पंचायतीपर्यंत फायबर आली का, आली असेल तर चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारता येते. एवढे मात्र मीही म्हणेन की जिथे रेंज नाही तिथे ॲप सक्तीचे करणे हा सरळ अन्याय आहे.

वणीकडचा कापूसकरी :

‘प्रेक्षक’ हा शब्द मी ताईंपुढे मागे घेतो. प्रेक्षकाला निदान जागा तरी मिळालेली असते. पण सक्तीचा विषय निघालाच आहे तर माझ्या शेजाऱ्याचे सांगतो. तो पाच एकर मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन, करतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि त्या भावाने विकायचे तर आधी मोबाईलवर नोंदणी करायची होती. त्याच्याकडे मोबाईल आहे, रेंज आहे, आणि भाव त्याला माझ्याइतकाच लवकर कळतो. सातबारा मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या नावावर आहे. मालकाने ‘बघू’ म्हटले, आणि शेजाऱ्याने कापूस खेडा खरेदीत घातला.

दारव्ह्याचा, सध्या नागपूर :

मग मालक मक्त्याचा कागद का करून देत नाही? कागद असेल तर नोंदणीत तशी सोय करणे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ काम आहे.

खामगावचे निवृत्त गुरुजी :

विदर्भासाठी १९५८ मध्ये झालेल्या कूळकायद्याची धास्ती अजून गेलेली नाही. कागद केला की कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक तोंडी सौदा करतो आणि दरवर्षी पाडव्याला मक्तेदार बदलतो. तुमच्या ॲपमध्ये या तोंडी सौद्यासाठी कोणता रकाना ठेवणार?

दारव्ह्याचा, सध्या नागपूर :

सध्या तरी मला सुचत नाही.