अनुभव धागा: तोंडात 'टक्' वाजवणाऱ्या भाषा (खोसा, झुलू, नामा)

रानपाखरू
काल दक्षिण आफ्रिकेच्या मॅचआधी राष्ट्रगीत लागलं आणि खोसाचे जुने धडे आठवले. पाच भाषांचं राष्ट्रगीत, सुरुवातच खोसा-झुलूत, पण क्लिक (हा 'टक्' आवाज) एकही नाही! तर आपापल्या युक्त्या टाका. माझ्याकडून जिभेच्या जागा (खोसा-झुलूत क्लिक लिहायला सी, एक्स, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतात):
सी: जीभ वरच्या दातांमागे, हळहळताना काढतो तो 'च्च'.
एक्स: जिभेची कड दाढांपासून सोडायची, घोडा हाकतात तसं.
क्यू: टोक हिरडीमागे घट्ट लावून खाली आपटायचं, आवाज पोकळ.
तिन्हींत जिभेचा मागचा भाग 'क'च्या जागी चिकटलेलाच हवा. मधे हवा कोंडते, जीभ खाली ओढली की बाहेरची हवा आत घुसते. मागची बाजू आधी सुटली तर नुसता 'क' निघतो.

टकळी
श्वास ओढू नका रे! फुप्फुसाचा संबंध नाही. नाकातून 'ङ्ङ्ङ्' चालू ठेवा आणि त्यातच क्लिक करा. गुणगुण तुटली = चुकतंय. बाकी कुकर उतरवून लिहिते.

भाऊसाहेब७
मॅच कोण जिंकलं ते सांगा आधी.

टकळी
आले. सगळ्यांचं अडतं ते क्लिक आणि स्वर यांमधल्या फटीत, 'टक्... आ'. 'अङ्' म्हणत क्लिक करून थेट 'आ'वर जायचं, मग हळूहळू 'ङ' कमी करायचा. पाणी मागायचं 'न्दिसेला अमान्झी' सरावाला बरं, 'से'च्या जागी दाताचा क्लिक.

मोडीवाला
आपल्याला क-ख फुकट मिळालाय. सी आणि सीएच यांत तोच फरक, इंग्रजीवाले इथेच गडबडतात. 'खोसा'तला 'खो' म्हणजे खरं तर हवा सोडून म्हटलेला एक्स. अक्षराआधी जी लागला तर आवाज घोगरा होतो, पुढच्या स्वराचा सूर खाली येतो. २०२१मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहराचं नाव बदलून Gqeberha झालं, त्याची सुरुवात जी-क्यूने आणि शेवटी उर्दूतला घासलेला 'ख़'. बातम्या देणाऱ्यांची दया येते. खोसात अशी १८ क्लिक व्यंजनं, झुलूत १५. सेसोथोत (तिथलीच आणखी एक भाषा) जागा एकच, क्यूची.

सुगरण_नाही
पण खोसा-झुलूसारख्या या बांटू कुळातल्या भाषांत क्लिक आले कुठून?

मोडीवाला
ताई, खोईखोई आणि सान या तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेजारातून. अभ्यासकांचं एक मत असं: नव्या सुनेने सासऱ्याचं नाव तर नाहीच, त्या नावातली अक्षरंही उच्चारायची नाहीत, 'ह्लोनिफा' म्हणतात. मग अक्षराच्या जागी शेजाऱ्यांचा क्लिक बसवायचा.

सुगरण_नाही
म्हणजे सासरा 'पांडुरंग' असेल तर पाणी, पापड, पाट, सगळं बंद 😂 आपला उखाणा परवडला.

खडीसाखर
नामा (ही खोईखोई लोकांची भाषा) टाइप करणाऱ्यांसाठी. लिपीत चार खुणा: एक उभी रेघ, दोन रेघा, दोन आडव्या काट्यांची रेघ, उद्गारचिन्हासारखी खूण. कीबोर्डवरचं उद्गारचिन्ह वापरू नका. संगणक त्याला विरामचिन्ह समजतो, शब्द तिथेच तुटतो, शोधात सापडत नाही. युनिकोडमधली (संगणकावरच्या अक्षरांची क्रमांकवार यादी) ०१सी० ते ०१सी३ ही खरी अक्षरं घ्या. फॉन्टमध्ये नसली तर चौकोन दिसतात, फॉन्ट बदला.

भाऊसाहेब७
मॅच???

रानपाखरू
पावसाने धुतली, भाऊ. तोवर खोसातलं जीभवळण घ्या: एक मुंगसासारखा वासाडा प्राणी लोळून लोळून नरडं तोडून घेतो, वाक्यात क्यूच क्यू. आधी सावकाश, एकेक शब्द.