जपानचा स्विच २ घ्यावा का? जुनं कार्ड चालेल का?

प्रश्न: भाऊ टोकियोहून येतोय. तिकडे निन्टेन्डो स्विच २ (गेम खेळायचा कन्सोल) स्वस्त दिसतोय, २०२५ मध्ये आला तेव्हा ४९,९८० येन होता. आणायला सांगू का? जुन्या स्विचचं मायक्रोएसडी कार्ड आणि जॉय-कॉन (कडेला लागणारे कंट्रोलर) चालतील ना?

खेळगडी: थांबा! तो स्वस्तातला स्विच फक्त जपानी भाषेचा आहे. सेटिंगमध्ये इंग्रजी मिळत नाही, आणि अकाउंटही जपान रीजनचंच लागतं. बहुभाषिक मॉडेल वेगळं आणि महाग. खोक्यावर नीट बघायला सांगा.

बटणदाबू: कार्डाचं म्हणाल तर जुन्यातून फक्त स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात. गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस हे जास्त वेगवान कार्डच हवं, त्यावर 'ईएक्स' छापलेलं असतं. पण आत २५६ जीबी आहेच, लगेच घाई नको. जुने जॉय-कॉन वायरलेस जोडले जातात, मात्र कडेला बसत नाहीत. म्हणजे चार्जिंग जुन्या स्विचवर किंवा चार्जिंग ग्रिपवर. टीव्हीला जोडायचा जुना डॉकही चालत नाही.

खेळगडी: आणि हो, स्क्रीनवरची पातळ फिल्म प्लास्टिक समजून सोलू नका. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कंपनीनेच लावलेली असते. स्क्रीनगार्ड तिच्यावरच चिकटवा.

प्रश्नकर्ता: गेम-की कार्ड म्हणजे?

बटणदाबू: त्यात पूर्ण गेम नसतो. आधी डाउनलोड करायचा, तरी खेळताना कार्ड घालावंच लागतं.