विषय: इंजिनाला डबे किती लागतील?

प्रेषक: निनाद, मेडस्टन
९ जुलै २०२५

मंडळी, नमस्कार.

शनिवारचा वरळीचा मेळावा आपल्यापैकी बहुतेकांनी लाइव्ह पाहिला, हे रविवारच्या मेलांवरून कळलंच. वीस वर्षांनी राज आणि उद्धव ठाकरे, दोघे भाऊ एका स्टेजवर म्हटल्यावर माझ्यासारख्या न रडणाऱ्यालाही थोडं भरून आलं.

आता माझा प्रश्न. इथे केंटमध्ये मे महिन्यात नायजेल फराजच्या रिफॉर्म पक्षाने काउंटी काउन्सिल ताब्यात घेतली. गेल्या वर्षी लोकसभेला, म्हणजे इथल्या पार्लमेंटला, त्यांना १४ टक्के मतं आणि खासदार फक्त ५. एक वक्ता, एक मुद्दा, बाकीचे पक्ष हसणार. आणि आज मतचाचण्यांत तेच पुढे. मनसेच्या इंजिनाचं असं काही होईल का? नोव्हेंबरात विधानसभेला शून्य आले, पण वरळीच्या डोममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

श्रीकांतकाका, तुम्ही इथून मुलुंडला परत गेलात त्याला बरीच वर्षं झाली. तिथलं खरं काय ते लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको.

निनाद

प्रेषक: श्रीकांत, मुलुंड
१० जुलै २०२५

प्रिय निनाद,

गर्दीवरून गणित मांडू नकोस. शिवाजी पार्कात १९ मार्च २००६ ला पहिली सभा झाली, तेव्हापासून राजच्या सभेला माणसं कमी पडलेली नाहीत. सभेला सेनेचे येतात, भाजपचे येतात, एखादा जुना काँग्रेसवालाही कोपऱ्यात उभा असतो. नकला बघायच्या, टाळ्या पिटायच्या, येताना वडापाव खायचा आणि मतदानाच्या दिवशी घरातल्या नेहमीच्या चिन्हाचं बटण दाबायचं. मुंबईत याचं कुणाला नवल वाटत नाही.

पण एकदा मतंही पडली होती, हे विसरून चालणार नाही. २००९ च्या लोकसभेला मनसेचा एकही खासदार आला नाही, तरी मुंबईत शिवसेना-भाजप युती सहाच्या सहा जागा हरली. आमच्या ईशान्य मुंबईत शिशिर शिंदेंनी दोन लाखांच्या आसपास मतं घेतली आणि किरीट सोमय्या तीन हजारांच्या आत पडले. त्याच वर्षी विधानसभेला १३ आमदार. मुंबईतले ६, नाशिकचे ३, बाकी कल्याणचे २, खडकवासला, कन्नड. २०१२ साली महापालिकेत २८ नगरसेवक आले, दादर-माहीम पट्ट्यात तर सगळेच्या सगळे. नाशिकची महापालिका हातात आली, १२२ पैकी ४० जागा. आणि मग घसरगुंडी: २०१४ ला एक आमदार, २०१९ ला एक, २०२४ ला तोही नाही. माहीमला खुद्द अमित ठाकरे तिसरे. शिवडीत महायुतीने समोर उमेदवारसुद्धा दिला नव्हता, तरी बाळा नांदगावकर सात हजारांनी गेले.

आकर्षण कशाचं आहे ते आधी सांगतो, कारण तिथून ते वेगळं दिसतं. तुम्हा लोकांना भाषण दिसतं. इथे माणूस मनसेच्या शाखेत जातो तो त्याचं काम कुठेच होत नसतं म्हणून. बिल्डरने बिल्डिंग पाडली आणि सहा महिन्यांनी भाडं बंद केलं. हॉस्पिटलने बिलासाठी पेशंट अडवून ठेवला. शाळेने फी वाढवली आणि निकाल रोखला. सिक्युरिटीच्या कंत्राटदाराने पोरांचे पगार थकवले. पोलीस म्हणतात हे दिवाणी प्रकरण आहे, वॉर्ड ऑफिसात अर्जावर शिक्का मिळतो, कोर्टात जायला पैसा आणि आयुष्य दोन्ही हवं. अशा वेळी शाखाध्यक्ष दहा पोरं घेऊन त्या ऑफिसात जातो, आवाज चढवतो, आणि संध्याकाळपर्यंत चेक निघतो. ‘खळ्ळ खट्याक’ची, म्हणजे मनसेच्या तोडफोडीची, नुसती शक्यता पुरते, काच फुटावी लागत नाही. आमच्या मागच्या सोसायटीतले गुजराती भाडेकरूसुद्धा त्याच शाखेत गेले होते. (त्यांच्याशी मराठीत बोला असा आग्रह कुणी धरला नाही, हेही नोंदवून ठेवतो.) याला उजवं म्हण, डावं म्हण. माझ्या मते सरकारी खिडकी बंद असते म्हणून उघडलेली ही दुसरी खिडकी आहे.

गाडी अडते ती इथेच. काम झालेला हा माणूस मत देताना विचार करतो की गटार, नळजोडणी, गल्लीतला दिवा, स्मशानातला शेड हे कोण करणार? ज्याच्याकडे नगरसेवक निधी आहे तो. मनसेकडे तो नाही. २०१७ ला मुंबईत ७ नगरसेवक आले आणि त्यातले ६ काही महिन्यांत शिवसेनेत गेले. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक बसलाय, म्हणजे कुणाचाच नगरसेवक नाही; पण ज्यांचं राज्यात सरकार आहे त्यांची कामं निधीशिवायही होतात. विरोधातल्या लहान पक्षाला वॉर्ड हाच श्वास, आणि तोच तीन वर्षं बंद आहे.

म्हणून होतं काय, की मागणी जिंकते आणि पक्ष हरतो. टोलचंच बघ. मुंबईच्या टोलनाक्यांविरुद्ध सर्वांत जास्त वर्षं कुणी धिंगाणा घातला असेल तर मनसेने. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. मुलुंड चेकनाक्यावर पेढे वाटले गेले ते एकनाथ शिंदेंच्या नावाने. महिन्याभराने निकाल लागला आणि मनसे शून्य. मशिदींवरच्या भोंग्यांचंही तेच. २०२२ च्या पाडव्याला विषय राजने काढला, आज तो सोमय्या चालवतात.

तुमच्याकडचं उदाहरण खरं तर याला जास्त जुळतं, पण तू धरलंस ते नाही. २०१५ ला फराजच्या आधीच्या पक्षाला, युकिपला, साडेबारा टक्के मतं आणि एक जागा. २०१६ ला त्यांची एकमेव मागणी, युरोपियन युनियनमधून बाहेर पडायची, सार्वमतात जिंकली. २०१७ ला पक्ष दोन टक्क्यांच्या खाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने मुद्दाच उचलून नेला, मग मूळ दुकानात कोण जाणार? फराजने नंतर नवा पक्ष काढला तेव्हा तो काउन्सिलांच्या मागे का लागला असेल, ते तू केंटमध्ये बघतोच आहेस.

आणखी एक गोष्ट, जी भाषणात कुणीच बोलत नाही. मतदार हलला आहे. जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे २००१ साली ४५ लाखांवर होते, २०११ साली ४४ लाख झाले. शहर वाढलं आणि आपण घटलो. हिंदी सांगणारे त्याच दहा वर्षांत २६ लाखांवरून ३६ लाखांकडे गेले. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि गिरणीवाल्यांची मुलं डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलला गेली. २०१९ चा मनसेचा एकमेव आमदार कुठला होता? कल्याण ग्रामीणचा. म्हणजे पक्षाचं देऊळ शिवाजी पार्कला आणि भक्त लोकलने सव्वा तासावर.

हिंदुत्वाबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. जानेवारी २०२० ला झेंडा भगवा केला, त्यावर राजमुद्रा आणली. त्या गल्लीत भाजप आधीपासून बसलेला, २०२२ पासून शिंदेही. तिसऱ्याला गिऱ्हाईक कुठलं? २०१९ ला ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत मोदींवर तुटून पडायचं आणि २०२४ च्या पाडव्याला त्यांनाच बिनशर्त पाठिंबा द्यायचा. शाखेतल्या पोराने दारोदार जाऊन हे समजवायचं कसं?

एवढं असून मला वाटतं की पुढची महापालिका हीच त्यांची खरी संधी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात निवडणुका घ्यायला सांगितलंय. मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक, असे २२७. अशा लहान वॉर्डात पाच-सहा हजार मतं इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरतो. उद्धवबरोबर युती झाली तर पंधरा-वीस येतील, नाही झाली तर एका हाताची बोटं पुरतील. हा आपला अंदाज, पैज लावू नकोस.

तुझा,
श्रीकांतकाका

प्रेषक: गौरी, रेडिंग
११ जुलै २०२५

काका, नमस्कार.

तुमची मेल आवडली, पण ‘शाखाध्यक्ष दहा पोरं घेऊन जातो आणि आवाज चढवतो’ हे तुम्ही फार लाडाने लिहिलंय. ती दहा पोरं गेल्या पंधरवड्यात मीरा रोडच्या मिठाईच्या दुकानातही गेली होती. त्या माणसाने विचारलं, मराठी कशासाठी? त्याला थोबाडीत मारली, व्हिडीओ काढला आणि स्वतःच पसरवला. बिल्डरच्या ऑफिसातली दहा पोरं आणि ही दहा पोरं वेगळी नाहीत.

निनाद, तुझ्यासाठी एक प्रश्न. गेल्या ऑगस्टमध्ये इथे दंगली झाल्या. हॉटेलं जाळायला निघाले होते लोक. तेव्हा याच लिस्टवर आपण ‘मुलांना एकटं सोडू नका, सात नंतर बाहेर पडू नका’ असं लिहीत होतो. त्या आठवड्यात आपण ‘बाहेरचे’ होतो. रिफॉर्मचं पत्रक दारातून आलं की तू ते रिसायकलिंगमध्ये टाकतोस, हे मला माहीत आहे. मग वरळीला भरून येतं ते कसं? माझे सासरे जौनपूरचे, चाळीस वर्षं साकीनाक्याला टॅक्सी चालवली. मराठी माझ्यापेक्षा बरी बोलतात. २००८ साली मनसेवाले उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मारत होते, तेव्हा मात्र आठवडाभर गाडी काढली नव्हती.

मराठी टिकावी असं मलाही वाटतं. इथे रविवारी शाळेत मी शिकवतेच.

गौरी

प्रेषक: श्रीकांत, मुलुंड
११ जुलै २०२५

गौरी,

निनादचं निनाद बघेल. माझ्या वाटणीचं मी लिहितो.

मारहाण आणि मागणी या दोन गोष्टी लोक मुद्दाम एकत्र बांधतात. मनसेवालेही आणि त्यांचे विरोधकही. पण या वेळचा हिशेब पाहा. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा निर्णय आला. शिक्षक, बालमानसशास्त्रज्ञ, साहित्यिक, मराठी शाळा चालवणारे, सगळे बोलायला लागले. १७ जूनला शब्द मऊ केले, तरी कुणी गप्प बसेना. ५ जुलैच्या मोर्चाची हाक आली आणि २९ जूनला सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले. या सबंध प्रकरणात कुणाच्या कानाखाली वाजवावी लागली? मीरा रोडचा प्रकार आला तो नेमका त्या जिंकण्याच्या सुमारास. चार दिवस चर्चा व्हायला हवी होती ती पहिलीतल्या मुलाच्या दप्तराची, आणि झाली ती मिठाईवाल्याची. व्यापाऱ्यांनी मोर्चा काढला. ८ तारखेच्या मराठी मोर्चाला परवानगी नाकारून सरकारने आपल्या बाजूनेही घोळ घातला. मंत्री सरनाईक तिथे गेले तर लोकांनी त्यांनाच घोषणा देऊन परत पाठवलं. एकूण फायदा कुणाचा झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

२००८ मध्ये मारहाणीने मतं आली, हे खोटं कशाला बोलू? रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारल्याचं प्रकरण ऑक्टोबरचं आणि १३ आमदार पुढच्या वर्षीचे. पण तेव्हा राज एकटा होता, कुणाला सांभाळायचं नव्हतं. आता उद्धवबरोबर जायचं तर गणित उलटं आहे. उद्धवच्या उमेदवारांना मुंबईत २०२४ ला मुसलमानांची भरभरून मतं पडली, काही ठिकाणी उत्तर भारतीयांचीही. भायखळ्याचा किंवा कुर्ल्याचा तो मतदार भोंग्यांचं भाषण विसरला असेल का? आणि राजचा मतदार उद्धवच्या त्या शेजाऱ्यांबरोबर रांगेत उभा राहील का? भाऊ एकत्र यायला एक स्टेज पुरलं. मतदार एकत्र यायला स्टेज पुरत नाही.

तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार. साकीनाक्याच्या स्टँडवरचे असतील तर आम्ही एकमेकांना पाहिलेलं असणार; माझी कंपनी तिथेच होती.

श्रीकांत

प्रेषक: शुभांगी, मिल्टन कीन्स
१२ जुलै २०२५

सगळ्यांना नमस्कार. मी फक्त वाचणारी, पण आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला मनसेचा गटाध्यक्ष आहे. तुमच्या मेल्स त्याला काल रात्री फोनवर वाचून दाखवल्या. काकांचं डोंबिवलीबद्दलचं त्याला पटलं. गौरीच्या मेलवर थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘ते व्हिडीओ काढणारे वेगळे असतात ताई, त्यांना वॉर्डात कोणी ओळखत नाही. आणि उद्या पोलीस येतात ते आमच्या दारात.’

युतीचं विचारलं तर हसला. कल्याण-डोंबिवलीत २०१० ला मनसेचे २७ नगरसेवक होते, २०१५ ला ९, आणि त्यानंतर निवडणूकच नाही. दहा वर्षं तो चतुर्थीला मंडप घालतोय, कोविडमध्ये ऑक्सिजनची सिलिंडरं वाहिली, पाण्याचे टँकर त्याच्या खिशातून गेले. त्याच्या प्रभागात उद्धवसेनेचाही असाच एक आहे, तोही तेवढीच वर्षं थांबलेला. आता म्हणे चार-चार जणांचं पॅनेल. काका, मुंबईतही दादर, भांडुप, विक्रोळी, लालबाग असंच असणार ना? दोन्ही पक्षांना जागा हव्यात त्याच, कारण मराठी वस्ती उरली आहे तीच.

मी म्हटलं, वरून आदेश आला तर बसशील ना गप्प? म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलं तर त्यांच्या शब्दाबाहेर नाही.’ आणि मग हळूच, ‘पण अपक्षाचा फॉर्म भरून ठेवीन. मागे घ्यायला शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत वेळ असतो.’

शुभांगी