मदत हवी आहे: बीडीएससाठी तिसऱ्यांदा नीट, बीएस्सी करत की पूर्ण ड्रॉप?

मी डिचोलीची. दोनदा नीट (डॉक्टर-डेंटिस्टच्या प्रवेशाची परीक्षा) दिली, दोन्ही वेळा बांबोळीच्या डेंटल कॉलेजची जागा हुकली. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या सगळ्या प्रवेश फेऱ्या झाल्या, ऑल इंडिया कोट्याच्या १५ टक्के जागांतही काही लागलं नाही. 'एमबीबीएस का नाही?' विचारू नका, दातच हवेत. बाहेरच्या खाजगी कॉलेजची फी झेपणार नाही. रहिवासी दाखला वगैरे कागद तयार आहेत.

घोडं फिजिक्समध्ये अडतंय. यंदा ४५ पैकी ४१ प्रश्न सोडवले, १७ चुकले: बरोबर आलेल्या २४ चे ९६ मिळाले, त्यातले १७ उणे गुणांत गेले. बायोलॉजी ठीक आहे. पहिल्यांदा क्लास लावला, दुसऱ्यांदा घरी जुने पेपर सोडवले. चुकांची वही केली, पण ती उघडली मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात!

बाबा म्हणतात, बीएस्सीला नाव घाल, वर्ष फुकट जायला नको. पण कदंबा बसने जाऊन-येऊन दोन तास, वर प्रॅक्टिकल आणि ७५ टक्के हजेरी.

गोव्यात बीएस्सी करता करता नीट देऊन बीडीएसला लागलेलं कोणी आहे का? हजेरी कशी सांभाळली, आणि जागा मिळाल्यावर आधीच्या कॉलेजकडून मूळ दाखले परत मिळायला किती दिवस लागले?